झोपलेल्या रुग्णाची वेदना ओळखणारा शल्यविशारद

अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहरातील १८८७ सालची ही घटना. वैद्यकीय शिक्षण नुकतेच पूर्ण केलेला एक तरुण डॉक्टर रुग्णालयात उमेदवारी करीत होता. त्याचा एक मित्र, तोही वैद्यकशाखेचाच विद्यार्थी, ट्रामगाडीखाली सापडला. त्याच्या दोन्ही पायांचा चेंदामेंदा झाला होता. पाय कापण्यावाचून गत्यंतर नव्हते. शस्त्रक्रिया पार पडली, रक्तस्राव थांबवण्यात आला, जखमा बांधून झाल्या. तरीही रुग्णाची नाडी क्षीण होत गेली, अंग थंड पडले, चेहरा पांढराफटक झाला आणि थोड्याच वेळात सारे संपले. तत्कालीन वैद्यकाकडे या मृत्यूला एक नाव होते, शॉक. पण या नावापलीकडे काहीच नव्हते. शॉक म्हणजे नेमके काय, तो का येतो आणि टाळायचा कसा, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही ग्रंथात नव्हती. मित्राच्या उशाशी बसलेल्या त्या तरुण डॉक्टरने या प्रश्नांचा ध्यास घेतला आणि तो अखेरपर्यंत सुटला नाही.

त्या डॉक्टरचे नाव जॉर्ज वॉशिंग्टन क्राइल. आज शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री किंवा त्याच दिवशी सकाळी, अजून काहीच दुखत नसताना, परिचारिका वेदनाशामक गोळी हातावर ठेवते तेव्हा रुग्ण चक्रावतो. दुखण्याआधीच दुखण्याचे औषध कशासाठी, हा त्याचा प्रश्न रास्तच असतो. त्याच्या उत्तराची पाळेमुळे क्राइल यांच्या आयुष्यात सापडतात. गंमत अशी, की क्राइल यांनी या उपचाराला जे शास्त्रीय कारण दिले ते पुढे चुकीचे ठरले, आणि त्यांनी सांगितलेला उपचार मात्र टिकला.

११ नोव्हेंबर १८६४ रोजी ओहायोतील चिली नावाच्या खेड्यात, एका शेतकरी कुटुंबात क्राइल यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी त्यांनी काही काळ शाळामास्तरकी केली आणि १८८७ मध्ये क्लीव्हलँडच्या वूस्टर वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी मिळवली. डॉ. फ्रँक वीड या नामांकित शल्यचिकित्सकाच्या हाताखाली ते तयार झाले. १८९१ मध्ये वीड यांचे निधन झाल्यावर त्यांचा व्यवसाय क्राइल आणि त्यांचे सहकारी फ्रँक बंट्स यांनी विकत घेतला. पुढच्या वर्षी क्राइल यांचे नातेवाईक विल्यम लोअर त्यांना येऊन मिळाले. या त्रयीची भागीदारी चाळीस वर्षांच्या आसपास टिकली. डॉक्टरांच्या जगात ही गोष्ट दुर्मीळच म्हणायची.

क्लीव्हलँड हे तेव्हा पोलाद कारखान्यांचे, रेल्वेचे आणि गोद्यांचे शहर होते. यंत्रात सापडलेले, रुळांवर चिरडलेले कामगार रोज रुग्णालयात येत. त्यातले कितीतरी शस्त्रक्रियेनंतर, सारे काही यथासांग होऊनही, दगावत. ईथर आणि क्लोरोफॉर्म यांचा शोध लागून चाळीस वर्षे उलटली होती. रुग्णाला झोपवता येत असल्याने शल्यचिकित्सक पोट, मान, छाती अशा पूर्वी वर्ज्य असलेल्या भागांतही शस्त्र चालवू लागले होते. झोपलेल्या माणसाला काही कळत नाही, म्हणजेच त्याच्या देहालाही काही कळत नाही, अशी सर्वांची समजूत होती. क्राइल यांनी शंका घेतली ती नेमकी इथेच.

या शंकेची शहानिशा त्यांनी प्रयोगशाळेत केली, आणि तो इतिहास वाचायला सुखद नाही. शंभराहून अधिक कुत्र्यांवर त्यांनी प्रयोग केले. प्राण्याला संपूर्ण भूल द्यायची, रक्तदाब सतत नोंदवणारे यंत्र जोडायचे आणि मग पंजा, आतडी, मज्जातंतू यांना इजा करून काय होते ते पाहायचे. प्राणी गाढ झोपेत असे, तरीही प्रत्येक आघातासरशी रक्तदाबाची रेघ वरखाली होई, श्वासाची लय बदले आणि आघात चालूच राहिले तर अखेर रक्तदाब कोसळे. मग त्यांनी आणखी एक गोष्ट केली. इजा करण्यापूर्वी त्या अवयवाकडे जाणाऱ्या मज्जातंतूत कोकेन टोचले. कोकेनने डोळा बधिर करता येतो, हे व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी १८८४ मध्येच दाखवून दिले होते. मज्जातंतू असा आधीच बधिर केला, की पंजाला कितीही इजा होवो, रक्तदाबाची रेघ जागची हलत नसे. भुलेने केवळ जाणीव झोपते, देहाची दारे उघडीच राहतात, हा निष्कर्ष त्यातून निघत होता. १८९९ मध्ये हे संशोधन ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

हातपाय कापण्याच्या शस्त्रक्रियांत क्राइल यांनी ही युक्ती लगेच माणसांवर वापरली. रुग्ण ईथरच्या अमलाखाली असला तरी मोठे मज्जातंतू कापण्यापूर्वी त्यांत कोकेन टोचायचे आणि मगच सुरी चालवायची. मूळचे क्लीव्हलँडचेच असलेले आणि पुढे मेंदूवरील शस्त्रक्रियेचे जनक म्हणून गाजलेले हार्वे कुशिंग यांनीही ही रीत उचलली. १९०१ मध्ये कुशिंग इटलीहून दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे साधन घेऊन आले. शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णाचा रक्तदाब मोजत राहावा, हा आग्रह अमेरिकेत ज्या मोजक्या लोकांनी धरला त्यांत कुशिंग यांच्याबरोबर क्राइल यांचे नाव घ्यावे लागते. अनेक ज्येष्ठ डॉक्टरांना तेव्हा हे थोतांड वाटत होते. नाडीवर बोट ठेवून जे कळते त्यासाठी यंत्र कशाला, असा त्यांचा सवाल असे.

क्राइल यांची कल्पकता अफाट होती आणि उरक त्याहून अधिक. शॉकमध्ये गेलेल्या रुग्णाचा रक्तदाब टिकावा म्हणून त्यांनी हवा भरून फुगवता येणारा रबरी पोशाख तयार केला. वैमानिकांच्या दाबपोशाखाचा तो एक पूर्वज मानला जातो. १९०६ मध्ये दात्याची धमनी थेट रुग्णाच्या शिरेला जोडून त्यांनी रक्त संक्रमित केले. रक्त साठवण्याची सोय नसलेल्या त्या काळात दाता आणि रुग्ण शेजारी शेजारी झोपत आणि एकाचे रक्त दुसऱ्यात वाहत असे. त्याच वर्षी मानेतील कर्करोगाच्या गाठी मुळासकट काढण्याच्या शस्त्रक्रियेवर त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात १३२ शस्त्रक्रियांचा अनुभव मांडलेला होता. एवढ्यावर दुसऱ्या कोणाचीही कारकीर्द सार्थकी लागली असती.

मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १९०८. त्या वर्षी क्राइल यांनी ॲगाथा हॉजिन्स या परिचारिकेची भूल देण्याच्या कामी निवड केली. ईथर घशाला झोंबते, रुग्ण धडपडतो, त्याला धरून ठेवावे लागते आणि भुलेत शिरतानाच तो भेदरून जातो. त्याऐवजी नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन यांचे मिश्रण देण्याचे कौशल्य हॉजिन्स यांनी आत्मसात केले. या वायूला वास जवळजवळ नसतो आणि रुग्ण क्षणार्धात झोपी जातो. पण ही झोप हलकी असते. मात्रा चुकली तर जीव गुदमरतो, कमी पडली तर रुग्ण हलतो. म्हणून भूल देणाऱ्याचे सारे लक्ष रुग्णाच्या श्वासावर हवे, हे हॉजिन्स यांनी आपल्या कामातून दाखवले. १९१५ मध्ये लेकसाइड रुग्णालयात परिचारिकांना भुलेचे शिक्षण देणारी शाळा सुरू झाली, ती त्यांच्याच पुढाकाराने. क्राइल यांच्या पद्धतीचे श्रेय वाटताना हॉजिन्स यांचे नाव बहुधा तळटिपेत जाते. हा अन्याय आहे.

या पद्धतीला क्राइल यांनी ॲनोसी-असोसिएशन असे भारदस्त नाव दिले. हानिकारक संवेदनांशी संबंधच येऊ न देणे, असा त्याचा ढोबळ अर्थ. १९१३ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकात त्यांनी ती मांडली आणि पुढच्या वर्षी लोअर यांच्यासह त्यावर ग्रंथ लिहिला. नाव बोजड असले तरी कृती सरळ होती. शस्त्रक्रियेच्या सुमारे तासभर आधी रुग्णाला मॉर्फिन टोचायचे. शस्त्रक्रियागृहात गडबड, खणखणाट, मोठ्याने बोलणे बंद. नायट्रस ऑक्साइडने हळुवार झोपवायचे. त्यानंतर, रुग्ण झोपलेला असूनही, जिथे चीर द्यायची तिथल्या त्वचेत नोव्होकेन टोचायचे. त्वचा कापल्यावर खालच्या थरात पुन्हा टोचायचे, मग स्नायू, मग पोटाचे अस्तर. सुरी जिथे जाणार तिथे तिच्यापुढे बधिर करणारे औषध आधी गेलेच पाहिजे, हा दंडक. ऊती ओढायच्या-ताणायच्या नाहीत, धारदार शस्त्राने अलगद कापायचे. आणि जखम शिवण्यापूर्वी तिच्या कडेने क्विनाइन-युरिया या संयुगाचे विरल द्रावण टोचून ठेवायचे. हिवतापावरचे औषध म्हणून आपल्याला परिचित असलेल्या क्विनाइनच्या या संयुगामुळे तो भाग बराच काळ बधिर राहतो. रुग्ण जागा झाल्यावरही जखमेतून मेंदूकडे निरोप जाऊ नये, हा त्यामागील हेतू.

क्राइल यांचा अनुभव असा, की अशा रुग्णांची नाडी स्थिर राहते, शॉक क्वचित येतो आणि शस्त्रक्रियेनंतरचे दुखणेही कमी असते. यातल्या वेदनेच्या मुद्द्याकडे त्या काळी फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. रुग्ण जगतो की दगावतो हीच जिथे विवंचना, तिथे तो किती कण्हतो याची मोजदाद कोण करणार?

भीती आणि वेदना यांत देहाच्या लेखी फरक नाही, असे क्राइल यांचे ठाम मत होते. तोंडाला जाळी बांधलेल्या कुत्र्यासमोर सशांना ठेवून त्यांनी पाहिले. कुत्रा सशाला स्पर्शही करू शकत नव्हता, तरी भयभीत सशांच्या मेंदूतील पेशींत, आघाताने होतात तसेच बदल आपल्याला दिसले, असा त्यांचा दावा होता. याच विचारातून त्यांनी गलगंडाच्या शस्त्रक्रियेत एक विलक्षण प्रकार केला. अमेरिकेच्या सरोवरांच्या पट्ट्यातील मातीत आणि पाण्यात आयोडीनची उणीव असल्याने तिथे गलगंड घरोघरी आढळे. त्यातील काही रुग्णांची थायरॉइड ग्रंथी अतिसक्रिय असे. त्यांचे हृदय धडधडत राही, हातांना कंप सुटे. नुसत्या शस्त्रक्रियेच्या धास्तीने त्यांची प्रकृती बिघडे आणि टेबलावरून उतरल्यावर कित्येक जण तापाने फणफणून दगावत. क्राइल यांनी अशा रुग्णांना उपचार म्हणून रोज सकाळी खाटेवरच नाकाला मुखवटा लावून काही हुंगायला द्यायला सुरुवात केली. रुग्णाला त्याची सवय होई. मग एके दिवशी, रुग्णाला कल्पना नसताना, त्याच मुखवट्यातून भूल दिली जाई. तो जागा होई तेव्हा गाठ काढून झालेली असे. ग्रंथी चोरून नेण्याची शस्त्रक्रिया, असे तिचे नावच पडले होते.

आजच्या कायद्यात आणि नीतीत हे बसणारे नाही. दिवस आणि वेळ दडवून कोणावर शस्त्र चालवणे म्हणजे संमतीच्या तत्त्वालाच छेद देणे होय. तेव्हाच्या डॉक्टरांपुढे मात्र सांगितले तर रुग्ण भीतीने दगावण्याचा संभव आणि न सांगता केले तर जगण्याची शक्यता, अशी निवड होती. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात शस्त्रक्रियेपूर्वी आयोडीन देऊन ग्रंथी शांत करण्याची रीत आली आणि या चोरीची गरज हळूहळू उरली नाही.

पहिल्या महायुद्धाने क्राइल यांना शॉकचा प्रश्न हजारपटीने मोठा करून दाखवला. १९१५ च्या प्रारंभी ते आणि हॉजिन्स पॅरिसजवळच्या न्यूई येथील अमेरिकी रुग्णालयात काम करीत होते. अमेरिका युद्धात उतरल्यावर मे १९१७ मध्ये क्लीव्हलँडच्या लेकसाइड रुग्णालयाचे पथक फ्रान्समधील रुआँ येथे पोहोचले. युरोपच्या भूमीवर उतरलेली अमेरिकी लष्कराची ती पहिली तुकडी. डॉक्टरांनी एकत्र, एका छताखाली, आपापली विशेष विद्या एकवटून काम केले तर काय साधते, हे या भागीदारांनी युद्धात अनुभवले. परतल्यावर १९२१ मध्ये क्राइल, बंट्स, लोअर आणि वैद्य जॉन फिलिप्स यांनी क्लीव्हलँड क्लिनिकची स्थापना केली. पुढे हृदय-शस्त्रक्रियांसाठी जगभर नाव झालेली संस्था ती हीच.

या संस्थेवर १५ मे १९२९ रोजी जो प्रसंग कोसळला तो क्राइल यांच्या आयुष्यातील सर्वांत काळा दिवस असावा. तळघरात साठवलेल्या क्ष-किरण चित्रांच्या फिती पेटल्या. त्या काळी या फिती नायट्रोसेल्युलोजच्या असत. त्यातून निघालेल्या विषारी वायूने इमारत भरून गेली आणि रुग्ण, परिचारिका, डॉक्टर असे १२३ जण मृत्युमुखी पडले. संस्थापकांपैकी फिलिप्स त्यातच गेले. बंट्स यांचे आदल्या वर्षीच निधन झाले होते. साठी ओलांडलेल्या क्राइल आणि लोअर यांनी संस्था पुन्हा उभी केली.

त्यानंतरचे क्राइल वाचताना मात्र मन थोडे खट्टू होते. एका शोधाच्या पोटी जन्मलेल्या सिद्धांताने त्यांचा ताबाच घेतला होता. मेंदू, अधिवृक्क ग्रंथी, यकृत, थायरॉइड ही सारी देहाची ऊर्जायंत्रणा आहे, वेदना आणि भीती तिचा साठा रिता करतात आणि मेंदूच्या पेशी थकून माणूस शॉकमध्ये जातो, असे ते मांडत. त्यांनी युद्ध आणि शांतता, भावनांचा उगम, जीवनाचे विद्युत्स्वरूप अशा विषयांवर ग्रंथ लिहिले. प्राण्यांचे मेंदू आणि ग्रंथी तोलून पाहण्यासाठी ते आफ्रिकेच्या जंगलांत गेले. रक्तदाब कमी करण्यासाठी अधिवृक्क ग्रंथी आणि तिच्या मज्जातंतूंवर शस्त्रक्रिया करू लागले. सिद्धांत जितका फुगत गेला तितका पुरावा विरळ होत गेला. १९३० मध्ये आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी प्रयोगाने दाखवले, की जखमेनंतर येणाऱ्या शॉकचे मुख्य कारण रक्तप्रवाहातून रक्त आणि द्रव बाहेर जाणे हे आहे. दुखावलेल्या अवयवात झिरपून बसलेले रक्त आजवर कोणी नीट मोजलेच नव्हते. थकलेल्या मेंदूपेशींची उपपत्ती त्यानंतर इतिहासजमा झाली. १९४३ च्या ७ जानेवारीला क्राइल क्लीव्हलँड येथे निवर्तले. अखेरच्या काळात त्यांची दृष्टी अधू झाली होती. पत्नी ग्रेस यांनी संपादित केलेले त्यांचे आत्मचरित्र १९४७ मध्ये प्रसिद्ध झाले.

सिद्धांताबरोबर ॲनोसी-असोसिएशनही विस्मरणात गेले. भूलशास्त्रात नवनवी औषधे आली आणि झोपलेल्या रुग्णाला पुन्हा बधिर करण्याचा द्राविडी प्राणायाम कशाला, असे वाटू लागले. चाळीस वर्षांनी विषय पुन्हा वर आला तो अगदी वेगळ्या दिशेने. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात काम करणारे क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये ‘नेचर’मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. इजेचे संदेश मज्जारज्जूत पोहोचले की तेथील पेशी उद्दीपित होतात आणि इजा थांबली तरी त्या तशाच राहतात, असे त्यांना उंदरांत आढळले. मग साधा स्पर्शही दुखू लागतो, जखमेच्या आजूबाजूची धड कातडीही हुळहुळते. ग्लुटामेट हे रसायन आणि त्याचे ग्राही या प्रकाराच्या मुळाशी आहेत, हे पुढे स्पष्ट झाले. क्राइल यांना कुत्र्यांच्या रक्तदाबाच्या रेघेत जे दिसले होते, त्याचा एक खरा पत्ता मज्जारज्जूत होता. भूल मेंदूला झोपवते, पण सुरीचा निरोप मज्जारज्जूपर्यंत जातच राहतो आणि तिथे आपली खूण ठेवतो.

वुल्फ यांचे ज्येष्ठ सहकारी पॅट्रिक वॉल यांनी १९८८ मध्ये ‘पेन’ या नियतकालिकात शस्त्रक्रियेनंतरची वेदना आधीच रोखण्याचा विचार मांडला आणि जगभरच्या भूलतज्ज्ञांनी तो उचलून धरला. त्याच वर्षी डेन्मार्कमधील एका छोट्या अभ्यासात, पाय कापण्यापूर्वी तीन दिवस कंबरेतून औषध देऊन वेदना थांबवलेल्या रुग्णांना नंतर नसलेल्या पायाच्या वेदनांचा त्रास कमी झाल्याचे दिसले. ज्या शस्त्रक्रियेत क्राइल यांनी मित्र गमावला, तीच ही शस्त्रक्रिया.

पुढची वाटचाल मात्र सरळ झाली नाही. तेच औषध, तीच मात्रा, फक्त एका गटाला चिरेच्या आधी आणि दुसऱ्याला नंतर, अशा काटेकोर तुलना सुरू झाल्या तेव्हा फरक अपेक्षेहून फारच थोडा निघाला. २००२ मध्ये डॅनिश संशोधकांनी केलेल्या आढाव्यात औषध आधी देण्याचा विशेष लाभ आढळला नाही. २००५ च्या दुसऱ्या एका आढाव्यात तो काही औषधांच्या बाबतीत आढळला, काहींच्या नाही. त्यातच २००९ मध्ये उघड झाले, की मॅसॅच्युसेट्समधील एका प्रथितयश भूलतज्ज्ञाने याच विषयावरील २१ शोधनिबंधांत आकडे रचले होते. काही अभ्यासांतले रुग्ण अस्तित्वातच नव्हते. त्याला तुरुंगवास झाला, निबंध मागे घेण्यात आले. पण त्या आकड्यांवर विसंबून जगभर किती गोळ्या दिल्या गेल्या असतील याची गणती नाही.

आजचा व्यवहार या साऱ्यातून गाळून उरलेला आहे. पॅरासिटामॉल, दाहशामक औषध, मज्जातंतूभोवती किंवा कंबरेतून दिलेले बधिरीकरण अशी वेगवेगळ्या वाटांनी काम करणारी औषधे एकत्र वापरायची, म्हणजे मॉर्फिनची गरज कमी लागते. कोणते औषध कोणाला चालते, हे मूत्रपिंड, जठर, रक्त पातळ करणारी औषधे असे बरेच काही पाहून भूलतज्ज्ञ ठरवतो. त्यामुळे घरून परस्पर गोळी घेऊन रुग्णालयात जाणे धोक्याचे. आधी की नंतर, हा वाद आता पूर्वीसारखा तावातावाने घातला जात नाही. पहिल्या चिरेपासून जखमेचा दाह ओसरेपर्यंत, म्हणजे नंतरचे काही दिवसही, संदेश अडवून धरावा, यावर अनेकांचे एकमत आहे.

क्राइल यांची १९१३ ची कृती पुन्हा काढून पाहिली तर सुरीपुढचे नोव्होकेन तिच्यात होतेच, आणि शिवण घालण्यापूर्वीचे क्विनाइनही होते. क्विनाइनने ऊती कडक होत, जखम भरायला वेळ लागे, म्हणून ते मागे पडले. त्याच्या जागी आता जखमेजवळ किंवा मज्जातंतूशेजारी एक बारीक नळी ठेवतात आणि तिच्यातून बधिर करणारे औषध दोन-तीन दिवस थेंबाथेंबाने सोडतात.